गावातला एचआयव्ही मोजायचा तर विचारायचं कोणाला?

कवठेकर (धागाकर्ता)

डिसेंबरचा पहिला आठवडा आला की आमच्याकडच्या पेपरात ठरलेली बातमी येते. जिल्ह्यात यंदा इतके नवे एचआयव्ही रुग्ण, गेल्या वर्षी इतके, म्हणजे घट झाली किंवा वाढ झाली. खाली रांगोळीचा आणि लाल फितीचा फोटो. मी काही वर्षं सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात आणि सीमेपलीकडे अथणी-जमखंडी पट्ट्यात आरोग्य सर्वेक्षणांची प्रश्नावली भरून घ्यायचं काम केलंय, त्यामुळे ती बातमी वाचली की राहवत नाही. तो आकडा किती जणांना लागण झाली हे सांगतच नाही. किती जण आयसीटीसीत (सरकारी समुपदेशन-तपासणी केंद्रात) तपासायला आले आणि त्यांतले किती पॉझिटिव्ह निघाले, एवढंच त्यात असतं. समुपदेशकाची जागा काही महिने रिकामी राहिली, किंवा किट संपली, की जिल्ह्यातला एड्स आपोआप कमी होतो!

मग खरा आकडा येतो कुठून? १९९८ पासून देशभर एक पद्धत चालत आलीय, सेंटिनल सर्व्हेलन्स. मराठीत पहारा-चौक्या म्हणा. ठरलेल्या सरकारी दवाखान्यांत ठरलेल्या काळात पहिल्या तपासणीला येणाऱ्या गरोदर बायका ओळीने घ्यायच्या, एका केंद्रावर ४०० भरल्या की थांबायचं. गरोदरच का, तर त्यांचं रक्त नाहीतरी काढलं जातंच. आणि गरोदर आहे म्हणजे निरोधाशिवाय संबंध आलाय हे वेगळं विचारावं लागत नाही. धंदा करणाऱ्या बायका, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, ट्रकवाले, सुईने नशा करणारे यांच्यासाठी वेगळी केंद्रं, तिथे २५० नमुने.

यावर देशाचा अंदाज बांधायचे. २००५ साली नाकोने (सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने) ५२ लाख सांगितले, यूएनएड्सने (संयुक्त राष्ट्रांच्या एड्सवरच्या संस्थेने) ५७ लाख. जगात पहिला नंबर भारताचा की दक्षिण आफ्रिकेचा यावर तेव्हा अग्रलेख पडत होते. आणि जुलै २००७ मध्ये एका दिवसात आकडा २५ लाखांवर आला. माणसं बरी झाली नव्हती. मोजणी बदलली होती. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पहिल्यांदाच घरोघरी जाऊन एक लाखावर लोकांच्या बोटातून रक्ताचे थेंब कागदावर घेतले होते. त्यात १५ ते ४९ वयोगटात देशाचं प्रमाण ०.२८ टक्के निघालं, महाराष्ट्राचं ०.६२. तोवर आपलं राज्य 'एक टक्क्याच्या वर' या खात्यात पक्कं बसलेलं होतं.

रक्ताचं एवढं तरी ठीक. खरी पंचाईत वागणुकीची. कोण कोणाशी, किती वेळा, निरोध वापरला की नाही, हे गावात कसं विचारायचं?

एक नमुना सांगतो. जत तालुक्यातलं घर. प्रश्नावलीत स्पष्ट लिहिलेलं, 'मुलाखत एकांतात घ्यावी'. बाई चुलीपुढे. सासू उंबऱ्यात शेंगा फोडत बसलेली. जावेचं पोर माझ्या फायलीशी खेळतंय. बरोबरच्या ताई (बायकांची मुलाखत बाईनेच घ्यायची असा नियम असतो, मी बाहेर घरधन्याशी बोलत होतो) सासूला म्हणाल्या, "आजी, जरा पाणी आणता का?" आजींनी तिथूनच सुनेला हाक मारली, "अगं, बाईंना पाणी दे." संपला एकांत. त्या बाईने त्यानंतरच्या प्रत्येक प्रश्नाला 'नाही' म्हटलं. नवऱ्याशी संबंध येतात का, यालासुद्धा! कडेवर आठ महिन्यांचं पोर. ते 'नाही' तसंच कागदावर गेलं, कागदावरून संगणकात, तिथून टक्केवारीत.

ज्यांनी अशी कामं केलीत, किंवा ज्यांना असं कोणी येऊन विचारलंय, त्यांनी लिहावं. उपदेश नको, अनुभव आणि माहिती हवी.

शिरोळचा_पाहुणा

धागा आवडला. पण ५२ चे २५ लाख झाले हे वाचून मला तेव्हा जे वाटलं तेच आत्ताही वाटतंय. आकडा फुगवला होता, कारण आकड्यामागे परदेशी पैसा होता. गल्लोगल्ली एड्सच्या संस्था निघाल्या होत्या. आमच्या भागात तर एकाच खोलीत तीन पाट्या होत्या.

पीएसएमवाला

पाहुणे, तीन पाट्यांबद्दल वाद नाही, मीही पाहिल्यात. पण आकडा फुगला त्याची कारणं बरीचशी साधी आहेत. सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत बसलेला कोणीही सांगेल.

पहिलं कारण, गरोदर बाई खासगीत पॉझिटिव्ह निघाली की खासगी डॉक्टर तिला सरकारीत पाठवतो, बाळंतपण करायला तयार नसतो. म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या पॉझिटिव्ह बायका एका चौकीवर गोळा होतात आणि आपण समजतो की सगळ्या तालुक्यातच असं प्रमाण आहे. दुसरं, चौक्या बहुतेक जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी, आणि गुप्तरोग दवाखान्यांचे आकडेही अंदाजात मिसळलेले. गुप्तरोगाच्या दवाखान्यात कोण येतं हे काय सांगायचं!

आंध्रातल्या गुंटूर जिल्ह्यात ललित दंडोना आणि सहकाऱ्यांनी हे २००४-०५ मध्ये पडताळून पाहिलं. घरोघरी जाऊन बारा हजारांवर लोकांचं रक्त तपासलं. मोठ्यांमध्ये प्रमाण १.७ टक्क्यांच्या आसपास. चौक्यांवरून काढलेला अंदाज याच्या दुपटीहून जास्त येत होता. तेव्हा लंडन-जिनिव्हातून कोणी फुगा फुगवला असं नाही, आपल्याच रेफरल चिठ्ठ्यांनी तो फुगला.

आता उलटी बाजू. गरोदर बायका मोजून आकडा कमीही येऊ शकतो. एचआयव्ही असलेल्या बाईला दिवस राहण्याचं प्रमाण कमी असतं. विधवा त्यात येतच नाहीत. आणि २००० च्या आसपास आपल्याकडे कोण मरत होतं, तर पस्तिशीचे पुरुष. त्यांच्या मागे राहिलेल्या तिशीच्या विधवा कुठल्याच चौकीवर दिसत नव्हत्या. घरोघरीच्या मोजणीतही भोकं आहेतच. जो घरी नाही तो मोजला जात नाही. ट्रकवर असलेला, लॉजवर राहणारा, कुंटणखान्यातली बाई, कोणीच नाही. म्हणून २००७ चा अंदाज एकट्या घरोघरीच्या रक्तावर नव्हता, दोन्ही जोडून केला होता.

तरी चौक्यांनी एक काम चोख केलं. आकडा चुकला तरी दिशा बरोबर दाखवली. जागा तीच, पद्धत तीच, म्हणून चूकही दरवर्षी साधारण तीच; वर्षावर वर्ष ठेवून पाहता येतं. दक्षिणेतल्या राज्यांत (त्यात महाराष्ट्र धरलेला होता) १५ ते २४ वयाच्या गरोदर बायकांत २००० मध्ये १.७ टक्के होतं ते २००४ मध्ये १.१ वर आलं. म्हणजे एक तृतीयांश घट. पंधरा-चोवीसच का पाहायचं? तर या वयात लागण झालीच असेल तर ती अलीकडची असणार. चाळिशीच्या माणसाला ती कधी झाली कोण सांगणार, लक्षणं यायलाच आठ-दहा वर्षं जातात.

निशिगंध

एक विचारू? कवठेकरांनी लिहिलंय 'त्यांचं रक्त नाहीतरी काढलं जातंच'. म्हणजे त्या बायकांना विचारत नव्हते? आणि पॉझिटिव्ह निघाली तर सांगत होते की नाही?

कवठेकर

निशिगंधताई, नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. व्हीडीआरएलसाठी, म्हणजे गरमीच्या तपासणीसाठी, काढलेल्या रक्तातलं उरलेलं वापरायचे. नळीवरचं नाव काढून टाकायचं, फक्त वय, शिक्षण, नवऱ्याचा धंदा, गाव की शहर एवढं ठेवायचं आणि मग एचआयव्ही तपासायचा. त्यामुळे पॉझिटिव्ह नळी कोणाची हे कोणालाच कळत नाही. सांगायचं म्हटलं तरी सांगता येत नाही.

निशिगंध

म्हणजे सरकारच्या हातात नळी होती, त्यात विषाणू होता, पोटात बाळ होतं, बाळाला होऊ नये म्हणून गोळी निघालेली होती, आणि ती बाई "सगळं नॉर्मल आहे" ऐकून घरी गेली. मला हे पचत नाही.

पीएसएमवाला

न पचण्यासारखंच आहे, आणि जगभर यावर वाद झालेत. पद्धत मांडणाऱ्यांची बाजू अशी: १९९८ मध्ये नाव विचारून, संमती मागून तपासलं असतं तर ज्यांना स्वतःबद्दल शंका होती त्याच बायका नाही म्हणाल्या असत्या. राहिलेल्यांवरून काढलेला आकडा कुचकामी. त्यात उपचारही हाताशी नव्हते. मोफत एआरटी (विषाणू दाबून ठेवणारी औषधं) सुरू झाली १ एप्रिल २००४ ला, तीही मोजक्या रुग्णालयांत.

पुढे चित्र बदललं. आता गरोदरपणात सगळ्यांनाच तपासणी देऊ केली जाते, निकाल सांगितला जातो, औषध सुरू होतं. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात (लागू १० सप्टेंबर २०१८ पासून) संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. पण त्यात अपवाद ठेवलाय: साथीच्या पाहणीसाठी, निनावी, कोणा एकाची स्थिती ठरवायची नसेल तर संमती लागत नाही. मात्र पाहणी कशासाठी चाललीय हे लोकांना सांगायला हवं. ते किती ठिकाणी सांगतात हा तुमच्याआमच्या नजरेचा प्रश्न.

निशिगंध

कायद्याचं कळलं. माझं मत बदललेलं नाही, पण माहितीबद्दल आभार.

हुबळीकर

कवठेकरांचा जतचा किस्सा वाचून हसू आलं आणि पोटात कालवलंही. कर्नाटकात यावर एक तोड काढली होती, तिचा अनुभव सांगतो. नाव पोलिंग बूथ सर्व्हे.

गावातल्या शाळेची खोली, रविवारी. दहा-बारा बायका, सगळ्या लग्न झालेल्या किंवा सगळ्या बिनलग्नाच्या, मिसळायच्या नाहीत. पुरुषांचे गट वेगळे, दुसऱ्या खोलीत. प्रत्येकीपुढे पुठ्ठ्याचा आडोसा, मतदानाला असतो तसा. आडोशामागे चिठ्ठ्यांचा गठ्ठा, प्रत्येक चिठ्ठीवर प्रश्नाचा आकडा, आणि दोन डबे, हो आणि नाही. लागू नाही असं असेल तर तिसरा. मधोमध उभी बाई मोठ्याने प्रश्न वाचते, सगळ्यांना एकच. "एक नंबरची चिठ्ठी हातात घ्या. आज सकाळी चहा प्यायलात का? हो असेल तर हिरव्या डब्यात." ही रंगीत तालीम. सगळ्या हसतात, कोणीतरी विचारते "कॉफी चालेल का?" आणि मग चौथ्या-पाचव्या चिठ्ठीला प्रश्न येतो: गेल्या वर्षभरात नवऱ्याखेरीज कोणाशी संबंध आला का? खोलीत चिडीचूप. चिठ्ठी कागदाची, कुठल्या डब्यात पडली त्याचा आवाज येत नाही. तशी काळजीच घेतलेली असते.

शेवटी सगळ्यांचे हिरवे डबे एकत्र ओततात, सगळ्यांचे लाल एकत्र. प्रश्न पाच, हो इतके, नाही इतके. कोणी काय टाकलं हे देवालाही कळू नये. समोरासमोरच्या मुलाखतीपेक्षा इथे 'हो' जास्त निघतात, बायकांत आणि पुरुषांतही. झिम्बाब्वेतल्या मॅनिकालंडमध्येही, तिथेही सगळी खेडीच, याच धर्तीचा प्रयोग झालाय. मुलाखतीतच एक कुलपाचा डबा, नाजूक प्रश्नांची उत्तरं मतपत्रिकेसारखी त्यात टाकायची. तिथेही बायकांनी डब्यात जे कबूल केलं ते तोंडी केलं नव्हतं.

खोट एकच, पण मोठी. 'हो' म्हणणारी बाई तरुण होती की पोक्त, तिचा नवरा बाहेरगावी होता की घरी, तिचं रक्त पॉझिटिव्ह होतं की नाही, यातलं काहीच जोडता येत नाही. गावात काय चाललंय हे कळतं, कोणाचं चाललंय ते नाही.

मोडीलिपी

+१. अवांतर: पुरुष 'हो' जास्त म्हणतात ते खरं सांगतात म्हणून की फुशारकी म्हणून?

हुबळीकर

दोन्ही. पोरं मित्रांसमोर फुशारकी मारतात, लग्न झालेले समोरासमोर लपवतात. डब्यापुढे फुशारकी मारायला श्रोताच नसतो, त्यामुळे तिथलं पोरांचं उत्तर मला जास्त भरवशाचं वाटतं.

माणदेशी

खानापूर-आटपाडीकडची बाजू मांडतो. आमच्याकडे गलाईवाले. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात विट्यापासून आटपाडीपर्यंतच्या घराघरांतली माणसं. केरळ म्हणू नका, आसाम म्हणू नका, सराफकट्टा तिथे आमचा माणूस. पोरगं सोळा-सतराव्या वर्षी चुलत्याच्या भट्टीवर जातं, दिवाळीला आणि जत्रेला येतं. धंदा जमला की बायको नेतात, तोवर बायको गावात.

नव्वदच्या दशकात मुंबईची गिरणी-माथाडीतली माणसं आणि आमचे गलाईवाले आजारी पडून परत यायला लागले, तेव्हा गावात 'टीबी' म्हणायचे. पुष्कळदा टीबी असायचाही, पण एकटा नसायचा. अशा गावात सर्व्हेवाले येणार आषाढात, पुरुष घरात कुठे? घरी सापडतात ते म्हातारे, शिक्षक, आणि आमच्यासारखे शेतीत अडकलेले. यांना 'गेल्या वर्षभरात' विचारून काय हाती लागणार? आमची चौकी यात्रेच्या मैदानात लावायला हवी.

शिरोळचा_पाहुणा

पण मुळात रोग आला कुठून? स्पष्ट बोलायचं तर सांगली-मिरजेचा बाजार आणि यल्लम्माला सोडलेल्या पोरी. सौंदत्तीचा रस्ता इथूनच जातो. तिथेच मोजा, तिथेच थांबवा. गावोगाव सासवांना पाणी आणायला कशाला पाठवता?

कवठेकर

पाहुणे, 'तिथेच मोजा' हे सरकारने बरीच वर्षं केलंय. बिल गेट्सच्या पैशाने २००३ पासून चाललेल्या 'आवाहन' या एड्स प्रतिबंध कार्यक्रमाचा भर तोच होता, आणि त्याचा उपयोग झाला हे मी मानतो. पण 'रोग तिथून आला' हे जरा थांबून बघा.

२००३ मध्ये शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात घरोघरी रक्त तपासलं. जमखंडी-मुधोळचा मुलूख, म्हणजे आपले पटवर्धन-घोरपड्यांचेच जुने संस्थानी गाव. प्रमाण तीन टक्क्यांच्या जवळ निघालं, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. सगळ्यांचा समज उलटा होता. कारण असं, की त्या भागातला धंदा शहरातल्या एखाद्या गल्लीत कोंडलेला नव्हता. तो गावातच होता, स्वतःच्या घरात, आईबरोबर, भावाबरोबर राहून. गिऱ्हाईकही गावचंच किंवा पलीकडच्या गावचं. कर्नाटकात देवदासी सोडण्याला १९८२ च्या कायद्याने बंदी, आपल्याकडे नवा कायदा २००५-०६ चा. चाल कागदावर थांबली, पण आधी सोडलेल्या बाईला जगायला दुसरं काय होतं?

आणि याच सांगलीत १९९२ पासून 'संग्राम' ही संस्था आणि पुढे 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' म्हणजे व्हॅम्पच्या बायकांनी निरोध वाटायचं काम स्वतःच्या हातात घेतलं. डॉक्टरांच्या नाही, पोलिसांच्या तर नाहीच. निरोधाशिवाय गिऱ्हाईक घ्यायचं नाही हे एकीने ठरवलं तर टिकतं, एकटीने ठरवलं तर ते शेजारच्या दारी जातं, हे गणित त्यांनी कोणत्याही अहवालाआधी मांडलेलं. आता मला सांगा, निरोध नको म्हणणारा कोण होता? तो संध्याकाळी कुठल्या गावच्या एसटीत बसला?

कंपालाकर

आठ-नऊ वर्षं युगांडात आहे म्हणून या वादात एक भर घालतो. इथे रकाई नावाचा जिल्हा आहे, व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिमेला, केळीच्या बागांचा मुलूख. पूर्व आफ्रिकेत या रोगाच्या पहिल्या नोंदी १९८२ च्या सुमारास तिथल्याच कासेन्सेरो या मासेमारीच्या गावातून आल्या. लोक 'स्लिम' म्हणायचे, माणूस वाळत जातो म्हणून. तिथे कित्येक वर्षांपासून तीच गावं, तीच घरं, ठरावीक अंतराने: आधी शिरगणती, मग मुलाखत, मग रक्त. एकदाच मोजून निघून जात नाहीत. त्यामुळे मागच्या खेपेला निगेटिव्ह असलेला यावेळी पॉझिटिव्ह निघाला की नवी लागण किती हे थेट कळतं. आपल्याकडे ते अंदाजाने काढतात.

मासेमारीच्या वस्त्यांत प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास, आतल्या शेतीवाल्या गावांत १४ च्या. कोणीही म्हणेल की रोग काठावरून आत येतोय. पाहुण्यांनीही तेच म्हटलं असतं. मग विषाणूच्या जनुकांवरून कोणाचा विषाणू कोणाच्या जवळचा हे जुळवून पाहिलं, तेव्हा ओघ जास्त करून आतून काठाकडे निघाला. आतल्या गावांतली माणसं काठावर जात होती, विषाणू सोबत नेत होती. जिथे साचलेलं दिसतं तिथूनच ते वाहतं असं नाही.

सांगलीत असंच असेल असा माझा दावा नाही. पण मोजल्याशिवाय बाजाराकडे बोट दाखवू नये, एवढं तरी.

शिरोळचा_पाहुणा

कंपालाकर, हे मला माहीत नव्हतं. ओघाचं पटलं. संस्थांबद्दलचं माझं मत मात्र राखून ठेवतो :)

पीएसएमवाला

ओघावरून आठवलं, बातमी वाचणाऱ्यांसाठी. 'जिल्ह्यात एचआयव्ही असलेले लोक वाढले' याचा अर्थ लागण वाढली असा नसतो. २००४ आधी माणूस मरायचा आणि आकड्यातून जायचा. आता एआरटीवर तो जगतो, पोरांची लग्नं लावतो, आणि आकड्यात राहतो. २०१७ पासून तर निदान झालं की सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) न पाहता लगेच औषध. नियमित गोळ्या घेऊन विषाणू मोजता येत नाही इतका खाली गेला की त्या माणसापासून संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. २०२१ च्या राष्ट्रीय अंदाजात महाराष्ट्रात सुमारे ३.९ लाख लोक एचआयव्हीसह जगतायत, देशात सगळ्यात जास्त. ही संख्या वाचून घाबरायचं कारण नाही. यातले बरेच औषधामुळे जिवंत आहेत हेच त्या कामाचं यश.

नाव_नको

नवीन खातं काढून लिहितोय. मला तपासायचंय. आमच्या ग्रामीण रुग्णालयात जो मुलगा प्रयोगशाळेत आहे तो माझ्या मेहुण्याचा वर्गमित्र. तुम्ही लोक मोजणीचं बोलताय, मी जाऊ कुठे?

निशिगंध

दादा, कुठल्याही जिल्ह्याच्या आयसीटीसीत जाऊ शकता, आपल्याच तालुक्यात जायची सक्ती नाही. तपासणी मोफत. १०९७ हा नाकोचा फोन आहे, तोही मोफत, जवळचं नसलेलं केंद्र विचारा, सांगतात. तुमचा निकाल तुमच्या संमतीशिवाय कोणाला सांगायला आता कायद्याने मनाई आहे. संबंध होऊन किती दिवस झाले ते समुपदेशकाला खरं सांगा. फार लवकर तपासलं तर निगेटिव्ह येऊ शकतं, मग पुन्हा यायला सांगतील. बहात्तर तास झाले नसतील तर आत्ताच्या आत्ता मोठ्या सरकारी दवाखान्यात जाऊन पेपच्या (लागण होऊ नये म्हणून लगेच सुरू करायच्या) गोळ्यांबद्दल विचारा, वाट पाहू नका.

कवठेकर

आणि हा प्रतिसाद मोजणीबद्दलच आहे, धाग्याबाहेरचा नाही. जतचा माणूस सोलापुरात तपासतो, सोलापूरचा पुण्यात औषध घेतो, अथणीचा मिरजेत येतो. आमच्या सीमाभागात तर राज्यच बदलतं. त्यामुळे कुठल्या जिल्ह्याच्या नावावर कोणाचा रोग चढलाय याचा पत्ता लागत नाही. एका एआरटी केंद्रात 'औषध सोडलं' म्हणून नोंदलेला माणूस दुसऱ्या केंद्रात दुसऱ्या नावाने गोळ्या घेत असतो, हे तिथल्या कोणत्याही समुपदेशकाला विचारा.

बीडची_लेक

सगळं वाचलं. माझा मुद्दा वेळेचा आहे. चौक्यांची अलीकडच्या बऱ्याच फेऱ्यांतली मोजणी जानेवारी ते मार्चमध्ये झाली. या महिन्यांत आमच्या धारूर-वडवणीत, पाटोद्यात वर्दळ कुठे असते? दसरा-दिवाळी झाली की उचल घेतलेले कोयते (नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता) टोळीने सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत जातात. परततात गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे ज्या महिन्यांत गरोदर बायका मोजायच्या त्याच महिन्यांत आमची गरोदर बाई दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडात मोळ्या बांधत असते. तिथल्या उपकेंद्रात तिचं नाव नाही, इथल्या उपकेंद्रात नाव आहे पण ती नाही. तपासणी एकतर होत नाही, किंवा सहाव्या-सातव्या महिन्यात मुकादमाने सोडलं तर होते.

माझी आई आशा आहे. तिच्या वहीत अशा बायकांपुढे एकच शेरा असतो, 'कारखान्यावर'. कवठेकर, तुमच्या प्रश्नावलीत अशा घराचं काय करायचात? दाराला कुलूप असेल तर?

कवठेकर

तीन वेळा जायचं, वेगवेगळ्या वेळी. तिन्ही वेळा कुलूप असेल तर 'घर बंद' असा कोड टाकायचा आणि पुढे जायचं. बदल्यात शेजारचं घर घ्यायला मनाई. मग विश्लेषणात 'प्रतिसाद न मिळालेले' म्हणून एक टक्केवारी येते आणि वजन लावून भरपाई करतात. पण ती भरपाई जे सापडले त्यांच्यावरून असते. फडातली बाई आणि घरी सापडलेली बाई सारख्याच वागतात, सारख्याच धोक्यात असतात, असं धरून.

लिंक वर्कर योजना आली तेव्हा (नाकोचा तिसरा टप्पा, २००७ नंतर) जास्त धोक्याची गावं निवडून गावातलीच मुलगी-मुलगा नेमायचे, त्यांना कोण कधी कुठे जातं हे पाठ असायचं. तुमच्या आईंच्या वहीत आहे तसंच. टोळी कुठल्या कारखान्यावर गेली हे गावाला माहीत असतं, मुकादमाला माहीत असतं, कारखान्याच्या शेतकी खात्याकडे तर यादीच असते. ती यादी आणि आशाची वही एका टेबलावर ठेवून तपासणी फडावर न्यायची, असं कुठे नीट झालेलं कोणी पाहिलंय का? बीडकडच्या किंवा कारखान्यावरच्या कोणी लिहा.

बीडची_लेक

फडावर शिबिरं होतात. रक्तदाब, हिमोग्लोबिन, गोळ्या. आमच्या गावच्या एका टोळीला एचआयव्हीची तपासणीही मिळाली होती म्हणे. निकाल यायच्या आत टोळी पुढच्या फडावर. आईकडे फोन आला, "तुमच्या गावची अमुक बाई कुठाय?" नाव घेऊन, कशासाठी ते सांगून. आईने "माहीत नाही" म्हटलं आणि त्या बाईच्या भावाकडून तिचा नंबर मिळवून तिलाच फोन लावला.